लेकराला किती विचारायचं?

प्रश्न : मी किल्लारी भागात अंगणवाडी सेविका आहे. एका प्रशिक्षणात सांगितलं, की एखाद्या लेकरावर अत्याचार होत असल्याचा संशय आला तर त्याला फार विचारू नका, "काय झालं ते सांग" एवढंच म्हणा आणि पुढं कळवा. मला हे काही पटलं नाही. पोरं आधीच लाजतात, भितात. आपण नाव घेऊन विचारलं नाही तर ती सांगणार कशी? "अमक्यानं हात लावला का?" असं सरळ विचारण्यात वाईट काय आहे? (एक सेविका, ता. औसा, जि. लातूर)

उत्तर : ताई, तुमच्या हेतूत वाईट काहीच नाही. अडचण अशी, की नाव आधी तुमच्या तोंडून निघालं तर ते लेकराचं राहत नाही. पुढं कधीतरी लातूरच्या विशेष न्यायालयात आरोपीचा वकील उभा राहील आणि तुम्हाला पहिली गोष्ट हीच विचारेल : हे नाव पहिल्यांदा कोणी घेतलं? तुम्ही खरं तेच सांगणार, "मी". तिथून खटला डळमळायला लागतो, घडलेलं सगळं खरं असलं तरी.

दुसरी अडचण लेकराच्या बाजूची. मोठ्या माणसानं विचारलं की "हो" म्हणायचं, हे आपल्याकडं पोराला बोलायला लागल्यापासून शिकवलेलं असतं. "जेवलास का?" हो. "शहाण्यासारखा राहशील ना?" हो. अशा लेकराला हो-नाहीचा प्रश्न टाकला तर उत्तरात आठवण किती आणि आज्ञाधारकपणा किती, हे कोणालाच सांगता येत नाही. उलटंही होतं. घाबरलेलं लेकरू "नाही" म्हणून सुटका करून घेतं आणि एकदा "नाही" म्हटल्यावर नंतर खरं सांगू लागलं तर तेच खोटारडं ठरतं. मग आपण तोच प्रश्न पुन्हा विचारतो आणि घोळ वाढवतो. वर्गात गुरुजींनी "सात नव्वे?" विचारल्यावर पोरगा "त्रेसष्ट" म्हणतो. गुरुजींनी नुसतं "किती?" म्हटलं की तो लगेच "चौसष्ट" म्हणतो. उत्तर बरोबर असतं तर गुरुजींनी पुन्हा विचारलंच नसतं, हा त्याचा हिशेब. अत्याचाराबद्दल विचारतानाही लेकरू हाच हिशेब करतं.

अमेरिकेनं याची जबर किंमत मोजली आहे. कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच या गावी मॅकमार्टिन नावाची बालवाडी होती. १९८३ मध्ये एका आईनं तक्रार केली आणि पुढं तिथल्या जवळपास चारशे मुलांच्या मुलाखती झाल्या. विचारणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण ते बाहुल्या हातात घेऊन मुलांना सांगत, की बाकीच्यांनी सगळं सांगून टाकलंय, तूही हुशार आहेस ना? मुलं हुशार होतीच. ती जमिनीखालच्या भुयारांपर्यंत हवं ते सांगत गेली. खटला १९९० मध्ये संपला तेव्हा एकही आरोपी दोषी ठरला नव्हता. एखाद्या लेकराच्या बाबतीत तिथं खरोखर काही घडलं असेल, तर तेही त्या प्रश्नांच्या ढिगाऱ्याखाली कायमचं गाडलं गेलं.

या आणि अशा प्रकरणांनंतर मानसशास्त्रज्ञ कामाला लागले. मायकल लॅम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या राष्ट्रीय बालआरोग्य संस्थेत मुलांच्या मुलाखतीची एक पद्धत बसवली. तिच्यातली मुख्य गोष्ट तुमच्या प्रशिक्षणात सांगितली तीच. मूल आपणहून, आपल्या शब्दांत सांगतं ते थोडं असतं, पण भरवशाचं असतं. प्रश्नाच्या चिमट्यानं काढलेलं पुष्कळ असतं, पण त्यात चुका जास्त निघतात.

त्या पद्धतीतल्या सुरुवातीच्या दोन गोष्टी मला आपल्या गावांसाठी फार मोलाच्या वाटतात. आधी मुलाला परवानगी द्यायची : माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हण, आणि मी काही चुकीचं बोलले तर मला टोक. हे नुसतं सांगून भागत नाही, करून बघायचं. मुलीला म्हणायचं, "मी म्हटलं तू बारा वर्षांची आहेस, तर?" सहा वर्षांची मुलगी हसून "नाही, मी सहाची" म्हणाली की समजावं, ही आपल्याला टोकू शकते. मोठ्यांना टोकणं म्हणजे उद्धटपणा, असं ज्या घरात शिकवलं जातं, तिथं ही परवानगी कानात नीट उतरायला वेळ लागतो. दुसरी गोष्ट, मुद्द्यावर येण्याआधी सांगण्याचा सराव, समजा येळवशीच्या सणाचा. "येळवशीला शेतात गेलतीस ना? निघाल्यापासून घरी येईपर्यंत काय काय झालं ते सांग." आंबील, भज्जी, झाडाचा झोका, पाण्यात पडलेला भाऊ, सगळं येऊ द्यायचं. मुलीला कळतं, की ही बाई मधे न बोलता ऐकते आणि बारीकसारीक सांगितलेलं हिला चालतं.

मग पुढचं. समजा, मुलगी म्हणाली, "मला काकाकडं नाही जायचं."

"बरं. त्याचं मला सांग."

"काका लई वंगाळ हाय."

"वंगाळ म्हणजे काय होतं, ते सांग."

"त्यो... (गप्प)"

इथं आपली जीभ वळवळते. इथंच गप्प राहायचं. मनात वीस आकडे मोजा. मुलगी पुढं बोलली तर "मग?" एवढंच. नाही बोलली तर सोडून द्या आणि तिला खेळायला जाऊ द्या. तुम्हाला जेवढं कळायला हवं होतं तेवढं कळलेलं आहे.

आता या संवादातला "काका" कोण? आपल्या मनात लगेच बापाचा भाऊ उभा राहतो. पण आपली पोरं दुकानदाराला काका म्हणतात, जीपवाल्याला काका म्हणतात, शेजारच्यालाही काकाच म्हणतात. मामा, दादा, अण्णा यांचंही तेच. कागदावर "चुलत्याने" असं उतरलं तर एक निरपराध माणूस अडकतो आणि दुसरा मोकळा सुटतो. "कोणता काका, त्याच्याबद्दल सांग" असं म्हटलं तर नाव तुम्ही सुचवत नाही आणि घोटाळाही टळतो. तारखेचंही असंच. सहा वर्षांच्या पोरीला तारीख विचारू नये. तिच्या बोलण्यात जत्रा, येळवस, शाळेची सुट्टी, आजीचं आजारपण यांतलं काही आलं तर ते तसंच टिपून ठेवावं. तपास करणाऱ्याला त्यावरून महिना काढता येतो.

तुमचं काम इतकंच : तिचे शब्द, तुमचे शब्द, दिवस, वेळ, जवळ कोण होतं, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवणं. शरीराच्या भागाला तिनं जो शब्द वापरला तोच लिहा. तो शुद्ध करायला जाऊ नका. "का गेलीस तिथं?" हे कधीही विचारू नका. "का" म्हटलं की पोराला दोष आपल्यावर आल्यासारखं वाटतं. आणि "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, कारण तुम्हाला सांगावंच लागणार आहे.

मला खरी काळजी दुसरीच आहे. "फार विचारू नका" याचा सोयीचा अर्थ आपल्याकडं "गप्प बसा" असा घेतला जातो. कमी विचारायचं ते याचसाठी, की लवकर कळवता यावं. तुमच्याकडं पुरावा असायला हवा, तुमची खात्री पटायला हवी, असं कायदा म्हणत नाही. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका असली तरी पोलिसांना कळवणं पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याच्या कलम १९ नं बंधनकारक आहे. मुलांसाठीच्या १०९८ या मदतक्रमांकावर फोन केला तरी चक्र फिरू लागतं.

लेकराला तेच तेच विचारू नये, हे किल्लारीला वेगळं समजवायची गरज नसावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जनाची रात्र उलटताना, भूकंपात सगळं जमीनदोस्त झालं आणि पुढचे कितीतरी महिने पत्र्याच्या शेडमधल्या पोरांना प्रश्न विचारायला माणसांची रीघ लागली. पत्रकार आले, पाहणी पथकं आली, मदत घेऊन आलेलेही आले. तेव्हाची ती पोरं आज चाळिशीच्या आसपास आहेत, त्यांतली काही तुमच्या अंगणवाडीतल्या मुलांचे आई-बाप असतील. तेच तेच पुन्हा सांगायला लावलं की काय होतं, ते त्यांना विचारा. मला वाटतं, याबाबत कुठल्याही प्रशिक्षकापेक्षा त्यांना जास्त कळत असेल.

प्रश्न : शाळेत एका मुलाच्या पाठीवर वळ दिसले. आधी आई-बापाला बोलावून विचारावं, की थेट तक्रार करावी? उगाच कुणाच्या घरात नाक खुपसल्यासारखं व्हायला नको. (एक शिक्षक, ता. निलंगा)

उत्तर : नाक खुपसण्याआधी वळ नीट बघा. पळतं-खेळतं पोर पडतं तेव्हा त्याचे गुडघे, नडग्या, कोपरं आणि कपाळ फुटतं. कानावर, मानेवर, पोटावर, कुल्ल्यांवर, मांडीच्या आतल्या बाजूला मार लागणं पडण्यानं सहसा होत नाही. छडीचा किंवा वायरचा वळ अनेकदा दोन समांतर रेघांचा उठतो आणि मधली कातडी फिकी राहते. असा वळ पायरीवरून पडून येत नाही. अजून रांगायलाही न लागलेल्या बाळाच्या अंगावर काळंनिळं दिसलं तर ते घरच्यांनी कितीही सहज सांगितलं तरी डॉक्टरांनी बघायलाच हवं.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या कमरेवर जन्मापासूनच निळसर डाग असतो आणि तो काही वर्षांत जातो. दुखण्यावर बिब्बा लावल्यानं कातडी जळून काळी पडते. तो अघोरी उपाय आहे, पण करणाऱ्या आजीचा हेतू मारण्याचा नसतो. हे फरक करायला डॉक्टर असतात. डेन्व्हरच्या हेन्री केम्पे यांनी १९६२ मध्ये मार खाल्लेल्या मुलांवरचा त्यांचा प्रसिद्ध लेख लिहिला. एक्स-रेमध्ये जुनी-नवी मोडलेली हाडं दिसत आणि घरच्यांची हकिगत त्यांच्याशी जुळत नसे. आजही अशा वेळी डॉक्टरांना मुख्यतः हेच तपासायचं असतं, की सांगितलेली हकिगत आणि दिसणारी जखम एकमेकींशी जुळतात की नाही.

म्हणून आई-बापाशी बोलायचं तर हकिगतच ऐकायची, आरोप करायचा नाही. दोघांशी वेगवेगळं, मुलाच्या माघारी. "त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते सांगा" इथून सुरू करावं. कोण घरी होतं, कधी लक्षात आलं, दवाखान्यात कधी नेलं, हे ओघात येतं. सांगणं दर वेळी बदलत गेलं, दोघांचं जुळलं नाही, दवाखान्यात न्यायला चार दिवस लागले, किंवा तीन वर्षांचं पोर "त्यानं सोताच करून घेतलं" असं कुणी म्हणालं, तर कान टवकारावेत. पण सगळे आई-बाप गुन्हेगार नसतात, हेही विसरू नये. मराठवाड्यातली कितीतरी घरं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि पोरं आजी-आजोबांकडं किंवा नातलगांकडं राहतात. अशा वेळी आईला खरोखरच काही माहीत नसतं. तिला तुम्ही उभ्या उभ्या झापलंत तर लेकराचा एकुलता एक आधारही तुटतो.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा. संशय घरातल्याच माणसावर असेल तर मूल काय बोललं ते घरी सांगू नका. संध्याकाळी ते मूल त्याच घरात जाणार आहे. अशा वेळी आधी १०९८ ला किंवा पोलिसांना कळवायचं आणि पुढचं बालकल्याण समितीवर सोपवायचं. लैंगिक अत्याचाराची खबर मिळाल्यावर पोलिसांनी चोवीस तासांत समितीला कळवायचं असतं, आणि आरोपी त्याच घरातला असेल तर मुलाला तिथून हलवायचं की नाही हे समिती ठरवते. मारहाणीचा गुन्हा पोक्सोत बसत नाही, तो बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली येतो. शाळेतल्या मारावर तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंच बंदी आहे. तेव्हा छडी तुमच्याच शाळेतल्या कुणाची निघाली तर प्रश्न वेगळा होतो, हे तुम्ही जाणताच.

"आपसांत मिटवून घ्या" म्हणणारे भेटतील. पोक्सोचा गुन्हा पंचांत मिटत नाही. माहीत असून कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखानं झाकला तर एक वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याला आदिवासी मुलींच्या वसतिगृहाचं प्रकरण झालं. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर न कळवल्याचा ठपका होता. उच्च न्यायालयानं त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि कळवण्यातली कुचराई हा गंभीर गुन्हा असल्याचं स्पष्ट केलं. उलट, प्रामाणिकपणे कळवलेलं पुढं सिद्ध झालं नाही तर कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही.

प्रश्न : पोलिसांत गेलं की पोरीला तेच तेच दहा जणांना सांगावं लागतं म्हणून लोक जात नाहीत. हे खरं आहे का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : बरंच खरं आहे, आणि कायद्यानं तसं व्हायला नको होतं. नोव्हेंबर २०१२ पासून पोक्सो लागू आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता. रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. आई-बाप किंवा मुलाचा विश्वास असलेलं कुणी सोबत असायला हवं. कोर्टात वकिलानं थेट मुलावर तुटून पडायचं नाही, प्रश्न न्यायाधीशांमार्फत जातील. साक्ष पुन्हा पुन्हा घ्यायची नाही. दवाखान्यात आधी एफआयआर आणा म्हणायचं नाही.

हे सगळं कागदावर नेटकं आहे. मग बदलापूर घडतं. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या शाळेतल्या बालवाडीच्या दोन मुलींचं प्रकरण उघडकीस आलं. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि पोलिसांना जे सुनावलं त्यात हेही होतं, की मुलीला आणि घरच्यांना ठाण्यात बोलावलं, घरी जाऊन जबाब घेण्याचा प्रयत्नही केला नाही. मुंबईपासून हाकेच्या अंतरावरची ही गत, तर वाड्या-तांड्यांवर काय असेल?

आपल्या शेजारचं अंबाजोगाई घ्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथल्या एका अल्पवयीन मुलीचं प्रकरण देशभर गाजलं. बालवयात लग्न, मग ती घराबाहेर, मग महिनोन् महिने चाललेले अत्याचार. वर्तमानपत्रांनी आरोपींचा आकडा उचलला आणि कितीतरी दिवस त्या आकड्यावरच चर्चा चालली. मला त्यातली एक गोष्ट जास्त खुपते. आपण याआधी पोलिसांकडं गेलो होतो आणि दाद मिळाली नाही, असं त्या मुलीचं म्हणणं होतं. म्हणजे तिनं सांगितलं होतं, ऐकून घेणारं कुणी नव्हतं.

आइसलँडनं १९९८ मध्ये यावर साधा उपाय शोधला. त्यांनी बार्नाहूस नावाचं एक घर केलं. मुलाशी बोलणारं माणूस एकच, पोलीस, वकील, बालकल्याणवाले शेजारच्या खोलीत बसून ऐकतात आणि सगळं चित्रित होतं. डॉक्टरही तिथंच. मुलानं दारोदार फिरायचं नाही. पुढं युरोपातल्या बऱ्याच देशांनी ही तऱ्हा उचलली.

प्रश्न : ज्या लेकराला बोलताच येत नाही, त्याचं काय? (वरील वाचकाकडूनच)

उत्तर : त्याचं उत्तर महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात आहे. बोलता-ऐकता न येणाऱ्या, मतिमंद अल्पवयीन मुलीवर अत्याचार झाला होता. खालच्या कोर्टानं शिक्षा दिली. मुलीची साक्षच झाली नाही म्हणून उच्च न्यायालयानं आरोपीला सोडलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा पुन्हा कायम केली. साक्ष न होणं हे इतर पुरावा असताना सुटकेचं कारण होत नाही, असं ठरलं. त्याच निकालात प्रत्येक उच्च न्यायालयाच्या हद्दीत दुबळ्या साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्ष-केंद्रं उभारायचा आदेश झाला. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं त्याचा पाठपुरावा करत न्या. गीता मित्तल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अशा केंद्रात मुलाला आरोपी दिसत नाही, बसायला वेगळी खोली असते, आणि खुणांची भाषा समजणारा दुभाषा किंवा मुलाच्या सवयीचं माणूस मदतीला घेता येतं. तुमच्या माहितीत असं लेकरू असेल तर आधार देणारी व्यक्ती, म्हणजे सपोर्ट पर्सन, नेमून द्या अशी मागणी बालकल्याण समितीकडं पहिल्याच दिवशी करा. नियमांत ती तरतूद आहे आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत.